चार नंबरचं टेबल

बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दीड महिना आईबाबांकडे राहायला आले. काम सोबत घेऊनच आले होते. मी दुभाषी आहे. इस्पितळात डॉक्टर एक भाषा बोलतात, पेशंट दुसरी, आणि मी कुठेतरी लांब बसून, लॅपटॉपच्या पडद्यावरून, ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला सांगते. ह्या कामाला दोनच गोष्टी लागतात. शांत खोली आणि मध्येच न तुटणारं कनेक्शन. खोली होती. माझीच, लग्नाआधीची, पूर्वेच्या खिडकीची. कनेक्शनही होतं, निदान मला तसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका आजीबाईंचं काम होतं. खांद्याचं ऑपरेशन ठरलेलं. सगळं समजावून झालं, कागदावर सही झाली आणि आजीबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांना एक विचार गं. नंतर मला नातवाला उचलता येईल का?" मी विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, जरा पुढे झुकले, उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पडदा गोठला. तोंड उघडलेले डॉक्टर, वाट बघणाऱ्या आजीबाई आणि मध्ये फिरणारं ते गोल चक्र.

परत जोडलं जाईपर्यंत सात मिनिटं गेली. तोवर दुसऱ्या कुणीतरी काम हातात घेतलं होतं. त्या आठवड्यात असं आणखी पाच वेळा झालं. आमच्या सुपरवायझरबाई स्वभावाने गरीब, पण त्यांनीही शेवटी सांगितलं, "हे बघ, पेशंटचा प्रश्न आहे. लाइन नीट होईपर्यंत मी तुला यादीतून काढते. झालं की कळव."

मी कंपनीला फोन केला. तिथल्या माणसाने राउटर बंद करून चालू करायला सांगितला. केला. पुन्हा फोन केला, तर वेगळ्याच माणसाने तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी एक इसम घरी येऊन राउटर बदलून गेला. तो जिना उतरत असतानाच कनेक्शन पुन्हा गेलं. मग मी लॅपटॉपच्या मागे लागले. ड्रायव्हर काढला, परत घातला. वीज वाचवण्यासाठी मशीन वायफायला मधूनमधून झोपवतं असं कुठेतरी वाचलं, ते बंद केलं. एक दिवस बरं चाललं. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

हे सगळं बाबा आरामखुर्चीतून बघत होते. डोळ्यावर काळा चष्मा, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, पायऱ्या जपून. अशा माणसाला दिवस खायला उठतो. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही.

"लाइन सारखी तुटते का ठरावीक वेळी तुटते?"

"बाबा, ह्याला लाइन नसते. वायरलेस आहे."

"ते कळलं. तुटते कधी?"

वेळा मी टिपल्याच नव्हत्या.

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आईबाबा दोघंही टेलिफोनवाले. बाबा लाइनमन. खांबावर इतके भरभर चढायचे की सोबतचे त्यांना खार म्हणत. आई एक्स्चेंजमध्ये टेस्ट टेबलवर. कुणाचा फोन बंद पडला की तक्रार तिच्याकडे यायची. ती आपल्या जागेवरून लाइन तपासायची, दोष आत आहे की बाहेर ते ठरवायची आणि लाइनमनला पाठवायची. लाइनमन खांबावर चढला की आपल्याजवळचा फोन चिमट्यांनी तारेला लावायचा आणि टेबलला विचारायचा, "आता बघा." टेबलवरून उत्तर जायचं, "इथवर ठीक. पुढे जा." अशी टेबलं सहा होती. आई चार नंबरला. बाहेरच्या लोकांना तिचं नाव माहीत नव्हतं, चेहरा माहीत नव्हता. ती नुसती चार नंबर.

बाबा दोन वर्षं ह्या चार नंबरशी दिवसातून दहा-दहा वेळा बोलले आणि तिला कधी बघितलं नव्हतं. मग एका साहेबांच्या निरोपसमारंभाला गर्दीत मागून आवाज आला, "इथे प्यायचं पाणी कुठे आहे हो?" बाबा गर्रकन वळले आणि म्हणाले, "चार नंबर?" आई म्हणते, हातातला पेला पडायचाच बाकी होता.

ही गोष्ट लहानपणी मी शंभरदा ऐकली असेल. हल्ली मात्र घरात कुणी ती काढत नसे. खरं तर हल्ली घरात बोलणंच कमी झालं होतं. बाबांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. कानातलं यंत्र आणलं, ते कपाटात. आईने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, टेबलवर तसं शिकवलंच होतं, हळू आणि स्पष्ट. एकच गोष्ट तीनदा सांगायची, तीही ओरडून, ह्याचा तिला कंटाळा आला. मग ती सांगेनाशीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. दोघं दोन खोल्यांत. मी फोनवरून खुशाली विचारायचे तेव्हा दोघंही म्हणायचे, "सगळं छान." इथे राहायला आल्यावर ते छान कसं आहे ते दिसलं.

तर बाबांनी तपास हाती घेतला. आधी उठून कपाटावरचा राउटर बघायला स्टूल ओढलं.

"अहो!" आई स्वयंपाकघरातून आली. "खांबावरून उतरून पंधरा वर्षं झाली. डोळा नवीन आहे, गुडघे नाहीत."

हे मात्र बाबांना बरोबर ऐकू आलं. ते गुपचूप खाली बसले.

"अर्धी लाइन कापायची," ते मला म्हणाले. "आधी एका अर्ध्यात दोष नाही ना ते बघायचं. मग उरलेल्याचं अर्धं. असं करत गेलं की शेवटी चोर कोपऱ्यात सापडतो. तुम्ही लोकांनी काय केलं? राउटर बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी. आता सांग, लॅपटॉपचं बंद पडतं तेव्हा तुझ्या मोबाइलचं काय होतं?"

मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दुपारी बघितलं. लॅपटॉप गेला, मोबाइल त्याच वायफायवर व्यवस्थित चालत होता.

"म्हणजे राउटर निर्दोष. बाहेरची तारही निर्दोष. अर्धी लाइन सुटली." बाबांनी हात चोळले. कित्येक दिवसांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

पुढचा प्रश्न जागेचा होता. माझी खोली राउटरपासून लांब, मध्ये दोन भिंती. दोष अंतराचा आहे का? बाबांनी लॅपटॉप मांडीवर घेऊन माझ्या खोलीत ठाण मांडलं. आईला राउटरपाशी खुर्चीवर बसवलं, दिवे लागतात-विझतात ते बघायला. पण इकडून तिकडे सांगायचं कसं? हाक मारली तर आईचं बोलणं बाबांच्या कानापर्यंत यायचं नाही. "फोन लाव तिला," बाबा म्हणाले. मी नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो कानाला घट्ट धरला.

पलीकडे आईने उचलला. बाबा, अगदी सवयीने, म्हणाले, "हॅलो, चार नंबर?"

मी दारात उभी होते, तिथून आत बाबा आणि बोळाच्या टोकाला आई, दोघंही दिसत होती. आईने खुर्चीत पाठ ताठ केली. पदर सारखा केला. घरात तिला बघणारं कोण होतं, तरी केला.

"बोलतेय," ती म्हणाली.

"लाइन बघा बरं."

"दिवे तीन आहेत. तिन्ही स्थिर. तुमच्याकडे?"

"चार रेघांपैकी तीन. पुढे येतो."

बाबा उठले, लॅपटॉप छातीशी धरून बोळात आले. "आता?"

"स्थिर."

गंमत म्हणजे फोनवर बाबांना आईचं सगळं ऐकू येत होतं. एकदाही "काय?" म्हणाले नाहीत. हे मला सुचायला हवं होतं, आईला सुचायला हवं होतं. आवाज थेट कानात, आणि तोही हळू आणि स्पष्ट. बारा पावलांच्या घरात दोघं अर्धा तास फोनवर बोलत होती. रेघा आणि दिवे संपल्यावरही बोलत होती. मी चहा ठेवायला गेले तेव्हा बाबा म्हणत होते, "तो शिंपी आठवतो का गं?" आणि बैठकीतून आईचं हसू ऐकू आलं.

शिंप्याची गोष्ट मला माहीत नव्हती. चहा घेताना ती त्यांनी मला सांगितली, एकमेकांचं वाक्य तोडत. एका शिंप्याचा फोन रोज दुपारी बंद पडायचा आणि संध्याकाळी आपोआप सुरू व्हायचा. बाबा चारदा जाऊन आले. सकाळी जावं तर लाइन ठणठणीत. ते वैतागले. मग आईने शिंप्याला विचारलं, "दुपारी तुमच्या दुकानात असं काय होतं, जे सकाळी होत नाही?" शिंपी म्हणाला, "काही नाही बाई, शिवलेले कोट इस्त्री करून खुंटीवर लावतो." ती खुंटी म्हणजे फोनची तार ज्याच्यावरून आत येत होती तोच खिळा. पाच कोटांचं ओझं आलं की तार ताणून सुटायची, गिऱ्हाइकं कोट घेऊन गेली की परत टेकायची.

"खांबावर मी चढायचो," बाबा म्हणाले, "पण दोष हिने शोधायचे."

"आत्ता सांगताय," आई म्हणाली. बाबांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

लॅपटॉपचा दोष मात्र अजून सापडला नव्हता. राउटरच्या शेजारी ठेवला तरी दोनदा गेला, म्हणजे अंतर निर्दोष. बाबांनी मला वही दिली. जेव्हा जेव्हा जाईल तेव्हा वेळ लिहायची, बाकी काही नाही. काम नव्हतंच, तेव्हा मी पूर्वीसारखी खिडकीशी बसून जुन्या नोंदी टाइप करत राहिले आणि वेळा लिहीत गेले. तीन दिवस झाले. बाबांना अजून बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून आईने वही घेतली. चष्मा लावून तिने तिन्ही पानं शेजारी शेजारी धरली.

"सकाळी साडेआठ ते अकरा, पाच-सहा वेळा. रोज," ती म्हणाली. "दुपारी एकदाच, फार तर दोनदा. संध्याकाळी एकदाही नाही." मग माझ्याकडे वळली. "सकाळी तू असं काय करतेस, जे संध्याकाळी करत नाहीस?"

"काम तर तेच करते, आई."

"कामाचं नाही विचारत. हातांचं विचारते."

आई उठून माझ्या खोलीत गेली, आम्ही तिच्या मागे. सकाळचे नऊ झाले होते. मी टेबलाशी बसले. खिडकीतून ऊन आलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर चकाकलं. मी नकळत हात पुढे केला आणि पडदा जरा खाली झुकवला.

"हे," आई म्हणाली.

मी पडद्याकडे बघितलं. कनेक्शन गेलं होतं.

ऊन सरकलं की मी पडदा हलवत होते. पूर्वेची खिडकी, म्हणून सगळं सकाळी. आजीबाईंच्या दिवशीही तेच झालं असणार. डॉक्टर पुढे झुकले, मला त्यांचे ओठ नीट दिसेनात, म्हणून मी पडदा हलवला असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा मीच धरलेला.

बाबांनी पडदा दोन बोटांनी धरून मुंगीच्या चालीने पुढे नेला, मागे आणला. एका ठरावीक कोनात रेघा नाहीशा व्हायच्या आणि परत यायच्या. त्यांनी बिजागरीवर बोट ठेवलं. "इथून काय जातं?"

"माहीत नाही."

"तार जाते," बाबा म्हणाले. "पैजेवर सांगतो. वाकून वाकून तुटलेली तार आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मी एकटी जाणार होते, पण बाबा आधीच चपला घालून दारात उभे, आणि त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून आई. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तिशीची एक बाई, कपाळावर दिवा बांधलेला, समोर बाटल्यांच्या झाकणांत वर्गवारी केलेले स्क्रू. मी सगळं सांगायला लागले तर बाबा मध्येच म्हणाले, "बिजागरीतली तार बघा."

तिने भुवया उंचावल्या. "आजोबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"टेस्ट टेबलने."

तिला काही कळलं नाही. तिने पडद्याची चौकट सोलून काढली. आत पडद्याच्या कडेने दोन तारा गेल्या होत्या, एक काळी, एक पांढरी, शेवयांसारख्या बारीक. "वायफायचा अँटेना वर पडद्यात असतो," ती म्हणाली, "आणि त्याची तार बिजागरीतून खाली मशीनमध्ये येते." भिंग धरून तिने काळी तार चिमट्याने उचलली. बिजागरीत जिथे वळत होती तिथे वरचं आवरण फाटलं होतं आणि आतली जाळी तुटून केसांसारखी उभी राहिली होती.

"मी बघू?" बाबांनी विचारलं.

तिने भिंग त्यांच्या हातात दिलं. नव्या डोळ्याने ते बराच वेळ बघत राहिले. "बिनतारी म्हणे," ते म्हणाले. "कंपनीचा माणूस राउटर बसवायला आला तेव्हा मला म्हणाला होता, काका, आता तारेचा जमाना गेला. अगं, हे बघ." भिंग आईकडे देत म्हणाले, "बघ चार नंबर, तारच आहे."

आईने बघितलं. "सांधा देऊन भागायचं नाही," ती म्हणाली. "पूर्ण बदलावी लागेल."

"बदलतेच आहे, आजी," दुरुस्तीवाली म्हणाली. "तासाभरात होईल." आणि झालीही. त्यानंतर त्या लॅपटॉपचं कनेक्शन एकदाही तुटलं नाही आणि सोमवारपासून मी परत यादीत आले, हे आत्ताच सांगून टाकते. त्या आजीबाईंना नातवाला उचलता आलं की नाही ते मला कधीच कळलं नाही. आमच्या कामात पुढचं कळत नाही.

तो तास काढायला आम्ही रस्त्यावर फिरत होतो. दोन वळणं घेतली आणि आईबाबा एकदमच थांबले. समोर त्यांचं एक्स्चेंज होतं. म्हणजे इमारत तीच, तीन मजली, अरुंद उंच खिडक्यांची, पण खाली आता फर्निचरचं दुकान. काचेआड सोफे मांडलेले.

"आत जायचं?" मी विचारलं. बाबा नको म्हणून मान हलवणार होते, पण आई पायऱ्या चढूनसुद्धा गेली होती.

आत भुशाचा आणि पॉलिशचा वास. आई कपाटांच्या रांगेतून सरळ चालत गेली, डावीकडे वळली, भिंतीपासून पावलं मोजली आणि एका मोठ्या पलंगापाशी थांबली. "इथे," म्हणाली. "एक, दोन, तीन तिकडे. माझं इथे. पुढ्यात खिडकी." खिडकी होती तशीच होती.

विक्रेता लगबगीने आला. "पलंग बघताय का? ह्याच्यात खाली सामानाला जागा पण आहे."

"पलंग नाही," बाबा म्हणाले. "जागा बघतोय."

आई पलंगाच्या कडेवर बसली. शेजारी हात टेकला, तेव्हा बाबाही बसले. मी समोरच्या खुर्चीवर.

"शेवटच्या दिवशी मी इथेच होते," आई म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण बाबांकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत बोलत होती. "टेबलं संध्याकाळी पाचला बंद होणार होती. दुसऱ्या दिवसापासून सगळं मशीन बघणार. बाकीच्या पाच जणी जेवणाच्या सुट्टीनंतर आल्याच नाहीत. मी एकटी. काम काही नव्हतं. मग मी माझ्या भागातले नंबर एकेक लावत बसले. उचलला की म्हणायचे, टेस्ट टेबलवरून बोलतेय, लाइन ठीक आहे ना? एक बाई म्हणाल्या, आम्ही तक्रार केलीच नव्हती. मी म्हटलं, माहीत आहे."

मला हे नवीन होतं. बाबांकडे बघितलं तर त्यांनाही नवीन होतं. त्या दिवशी ते घरी होते. लाइनमनना आठवडाभर आधीच मोकळं केलं होतं, बाबा कुणाशी बोलत नव्हते, जेवायलाही हाका माराव्या लागायच्या, एवढं मला आठवत होतं.

"सगळ्यात शेवटी घरचा नंबर लावला," आई म्हणाली. "एंगेज."

बाबांनी काळा चष्मा काढला. "मी रिसीव्हर काढून ठेवला होता," ते म्हणाले. "सकाळपासून. म्हटलं, आता कशाला तो."

"ते मला घरी आल्यावर दिसलं."

"बोलली नाहीस."

"तुमचं तोंड बघितलं आणि राहिलं. मग राहूनच गेलं."

विक्रेता पलंगांची माहिती छापलेला कागद घेऊन परत येत होता. मी त्याला हातानेच थांब म्हटलं. चांगला माणूस होता, थांबला.

"किती वेळा लावलास?" बाबांनी विचारलं.

"एकदाच. तो एंगेजचा आवाज येत होता ना, तोच कानाला लावून बसले. पाच वाजेपर्यंत."

बाबा खिडकीकडे बघत राहिले. रस्त्यापलीकडे एक खांब होता, त्यावर आता नुसता दिवा होता, तारा नव्हत्या. नवीन डोळ्याला ऊन सोसत नव्हतं, पाणी येत होतं. आईने पिशवीतून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "आणखी कुणाकुणाला लावलास?"

"पुष्कळ जणांना. सगळे ऐकायचेत?"

"तासभर आहे आपल्याकडे."

आईने पाय वर घेऊन पलंगावर नीट मांडी घातली आणि पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. नंबर तिला तोंडपाठ होते. विक्रेत्याने आमच्या डोक्यावरचा पंखा लावला आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे गेला.